मूठ रिकामी निघाली, तर एकी की बेकी?

गणिताचं टपाल

सम-विषम संख्यांबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या महिन्यात या पानावर लिहिलं होतं. चौथी-पाचवीची मुलं लिहितील असा माझा अंदाज होता. पत्रं आली एका आजींची, एका दुकानदाराची, ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची आणि एका ट्रकचालकाची. मुलांची आली ती थोडी, पण त्यातलं एक असं आहे की सांगलीत हायस्कूलला गणित शिकवत होतो तेव्हा असा प्रश्न विचारणारी मुलगी वर्गात असती, तर तो तास मी तिच्याच हवाली केला असता. नावं छापत नाही, फक्त गावं देतो.

प्रश्न : नातू सुट्टीला आलाय. मोबाइल हातातून सुटावा म्हणून त्याला एकी-बेकी शिकवली. मुठीत चिंचोके लपवायचे आणि समोरच्यानं एकी का बेकी ते ओळखायचं. एकदा पठ्ठ्यानं रिकामीच मूठ पुढं केली. मी ‘बेकी’ म्हणाले. मूठ उघडली तर आत काहीच नाही. म्हणतो, काही नाही म्हणजे एकीपण नाही आणि बेकीपण नाही, आजी हरली. माझा एक चिंचोका गेला. हे बरोबर आहे का?
— एक आजी, मिरज

उत्तर : आजी, चिंचोका परत मागून घ्या. डाव तुमचा होता.

बेकी म्हणजे काय, हे नातवाला आधी विचारा. मुठीतले चिंचोके दोन-दोन करून मांडत गेलं आणि शेवटी एकही एकटा उरला नाही, तर बेकी. रिकाम्या मुठीतून एकटा कोण उरला? कुणीच नाही. झाली बेकी. तो म्हणेल, पण जोडीसुद्धा कुठं लागली? तर जोड्या किती लागल्या हा प्रश्नच नाही. शून्य जोड्या लागल्या आणि शून्य उरले, एवढं पुरतं.

तरी पटलं नाही तर उलटं मोजायला लावा. आठ बेकी, सात एकी, सहा बेकी, पाच एकी असं खाली येत एकाला ‘एकी’ म्हणून झालं की पुढची पायरी शून्याची. पाळी कुणाची आली? मधेच खेळ थांबवून ‘आता कुणीच नाही’ म्हणायला काही कारण लागतं आणि तसं कारण शून्याकडे नाही. शून्याला इतर संख्यांच्या पंगतीत बसवून त्याचे बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये लिहून ठेवले. ते पाळायचे, तर चार चिंचोक्यांत शून्य मिळवून चारच राहतात. बेकीत बेकी मिळवली की बेकी येते आणि बेकीत एकी मिळवली की एकी येते. शून्य एकी असतं, तर चारसुद्धा एकी झाले असते.

सरकारदरबारीही हाच निकाल आहे. दिल्लीत जानेवारी २०१६ मध्ये सम-विषम गाड्यांची योजना आली, तेव्हा नंबर प्लेटच्या शेवटी शून्य असलेल्या गाड्या सम तारखेला रस्त्यावर येत होत्या.

आता एक गोष्ट तुमच्यापुरती. रिकामी मूठ बंद करा असा नियम तुम्ही काढाल, पण काढू नका. लहान मुलाच्या मुठीत पाचेक चिंचोके मावतात. रिकामी मूठ चालत नसेल तर त्याच्याकडे १, २, ३, ४, ५ असे पाच पर्याय राहतात. त्यातले तीन एकीचे आणि दोन बेकीचे. मग दर वेळी ‘एकी’ म्हणणारा हळूहळू सगळे चिंचोके घेऊन जातो. शून्य चालू ठेवलं की तीन-तीन अशी बरोबरी होते. म्हणजे नातवानं खेळ सरळ केला, फक्त निकाल वाकडा दिला.

आणि चिंचोका परत मिळेना, तर ही युक्ती करा. त्याला एका हातात एकी आणि दुसऱ्या हातात बेकी लपवायला सांगा. मग उजव्या हातातल्यांची तिप्पट आणि डाव्या हातातल्यांची दुप्पट करून दोन्हींची बेरीज सांगायला सांगा. बेरीज विषम आली तर उजव्या हातात एकी, सम आली तर उजव्या हातात बेकी. उजव्यात ७ आणि डाव्यात ४ असतील तर २१ आणि ८ मिळून २९. दुप्पट नेहमीच सम असते, त्यामुळे डावा हात निकालात ढवळाढवळ करत नाही. तिप्पट मात्र मूळ संख्येचा गुण तसाच ठेवते. हे कारण त्याला लगेच सांगू नका, दोन दिवस डोकं खाजवू दे.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. ‘शेवटी ०, २, ४, ६, ८ असेल तर सम’ हे त्याला तोंडपाठ आहे. पण बाईंनी ‘सत्तेचाळीस’ सांगितलं की हा ७४ लिहितो आणि पुढं ‘सम’ लिहून मोकळा होतो. मी रागावते. काय करू?
— एक आई, तासगाव

उत्तर : ताई, आधी रागावणं थांबवा, कारण सम-विषम त्याला येतंय. त्यानं ७४ लिहिले आणि ७४ समच आहेत. घोटाळा कान आणि हात यांच्यामध्ये आहे.

आपण सत्तेचाळीस म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर. लिहिताना चार आधी आणि सात नंतर. मूल ऐकेल तसं लिहितं, हा त्याचा प्रामाणिकपणा. यावरून २०१९ साली केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन दिलं होतं आणि त्यावरून विधानसभेपर्यंत बोलणं गेलं. माझं मत विचाराल तर दोन्ही म्हणू द्यावं. घरात, बाजारात सत्तेचाळीसच राहणार आहेत, ते कुणी काढून घेत नाही. पाटीवर लिहिताना मूल मनात ‘चाळीस सात’ म्हणालं तर कुणाचं काय बिघडलं?

ते नको असेल तर वहीत शेजारी-शेजारी दोन चौकोन आखा. डावा दशकाचा, उजवा एककाचा. ‘सत्ते’ कानावर पडताच सात उजव्या चौकोनात टाकायचे, मग ‘चाळीस’चे चार डावीकडे. आठवडाभर हे केलं की चौकोन आपोआप सुटतात.

‘एकोण’वाल्या संख्या मात्र वेगळ्या काढून शिकवा. एकोणपन्नास ऐकताना ना नऊ ऐकू येतात ना चार. कानाला पन्नास लागतात आणि मूल ‘सम’ म्हणून बसतं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतच्या सगळ्या ‘एकोण’ संख्या दहाच्या पाढ्यातल्या संख्येपेक्षा एकानं कमी, म्हणून सगळ्या विषम. एकोणनव्वदला काहीजण नव्याऐंशीही म्हणतात, आणि एकोणशंभर असं तर कुणीच म्हणत नाही, तिथं नव्व्याण्णव येतात. ती आपल्या भाषेची लहर आहे, मुलाला तिचं कारण विचारू नका.

आता मुख्य गोष्ट. शेवटचा अंक बघायचा हे त्याला पाठ आहे, पण का बघायचा हे कुणी दाखवलं आहे का? घरात खराट्याच्या काड्या असतील. दहा-दहाचे चार गठ्ठे बांधा आणि सात काड्या सुट्या ठेवा. हे सत्तेचाळीस. दोन भावंडांत वाटायला सांगा. दोन गठ्ठे याला, दोन त्याला. गठ्ठे पाच असते तर? पाचवा सोडायचा, त्यातल्या पाच-पाच काड्या दोघांना. दहाच्या गठ्ठ्याचे नेहमी सारखे दोन भाग होतात, त्यामुळे गठ्ठ्यांवरून भांडण होतच नाही. शंभराच्या, हजाराच्या गठ्ठ्याचंही तेच. भांडण झालंच तर सुट्या काड्यांवरून होणार, आणि सुट्या काड्या म्हणजेच एककाचा अंक. सात सुट्यांच्या तीन जोड्या लागल्या, एक काडी उरली. मुलानं हे हातानं एकदा केलं की ‘शेवटचा अंक बघा’ हा नियम पाठ करायची गरजच राहत नाही.

त्याची मोठी बहीण असेल तर तिला ७४ वजा ४७ करायला द्या. २७ येतात. कोणतीही दोन अंकी संख्या उलटी करून मोठीतून लहान वजा केली की उत्तर दोन अंकांमधल्या फरकाच्या नऊपट येतं. इथं फरक तीनचा, म्हणून सत्तावीस. एक अंक सम आणि दुसरा विषम असेल तर हे उत्तर विषम, दोन्ही एकाच जातीचे असतील तर सम. अंकांची अशी उलटापालट करण्यात आपल्या देवळालीच्या शाळामास्तरांनी, दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी (१९०५–१९८६), आयुष्य घालवलं. त्यांच्या नावाची संख्या ६१७४. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमानं मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि येणाऱ्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाचं साल १९२९ घेऊ. ९९२१ वजा १२९९ म्हणजे ८६२२. पुढं ६३५४, मग ३०८७, मग ८३५२ आणि मग ६१७४. तिथून हलायचं म्हटलं तरी हलता येत नाही, ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. सात पायऱ्यांच्या आत सगळे तिथं पोहोचतात. बहिणीला तिचं जन्मसाल घेऊन करू द्या.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर कोडं फिरतंय. १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५ यातल्या कोणत्याही तीन संख्या घ्या (तीच पुन्हा घेतली तरी चालेल) आणि बेरीज ३० करून दाखवा. ‘आयएएसच्या परीक्षेत आलेला प्रश्न, फक्त हुशारांसाठी’ असं लिहिलंय. आमच्या तालमीतल्या ग्रुपवर चार दिवस हाच विषय आहे.
— एक पैलवान, कराड

उत्तर : पैलवान, ही कुस्ती निकाली होणार नाही. यादीतल्या सगळ्या संख्या विषम आहेत. दोन विषमांचे एकटे राहिलेले दोघं एकमेकांची जोडी लावतात, बेरीज सम होते. तिसरी विषम आली की तिचा एकटा पुन्हा एकटाच. तीन विषमांची बेरीज विषमच, आणि तीस सम. चार संख्या चालत असत्या तर हवी तेवढी उत्तरं निघाली असती.

ग्रुपवर कुणीतरी ९ उलटा करून त्याचा ६ करेल आणि ६, ११, १३ अशी तीस करून दाखवेल. ही लबाडी इंग्रजी आकड्यांतच चालते. आपला ९ उलटा करून बघा, ६ होतो का ते. आणि आयएएसच्या नावानं जे काही फिरतं त्यावर एक सोडून दोनदा शंका घ्यावी.

प्रश्न : आमच्या बाजारपेठेत सम तारखेला समोरच्या बाजूला आणि विषम तारखेला आमच्या बाजूला पार्किंग असतं. ३१ तारखेला आमच्या दारात गाड्या आणि दुसऱ्या दिवशी १ तारीख, पुन्हा आमच्याच दारात. समोरचे म्हणतात, वर्षाचं गणित सारखंच होतं. होतं का?
— एक कापड दुकानदार, सांगली

उत्तर : नाही होत, शेठ. हिशेब मांडून देतो, तो समोरच्यांना दाखवा.

एकतीस दिवसांचे महिने सात. त्यांत विषम तारखा प्रत्येकी १६ आणि सम १५. तीस दिवसांचे चार महिने, दोन्हीकडे १५-१५. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, १४-१४. विषम झाल्या ११२ अधिक ६० अधिक १४, म्हणजे १८६. सम झाल्या १०५ अधिक ६० अधिक १४, म्हणजे १७९. वर्षाला सात दिवस तुमच्या दारात जास्त. लीप वर्षात २९ फेब्रुवारी विषम आणि लगेच १ मार्चही विषम, म्हणून तेव्हा १८७ विरुद्ध १७९, आठ दिवसांचा फरक.

वर्षाच्या दिवसांना एकपासून तीनशे पासष्टपर्यंत सलग आकडे दिले आणि त्यावरून सम-विषम ठरवलं, तर दोन विषम दिवस लागून येण्याचा प्रकार वर्षातून एकदाच, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला होईल. पण आज वर्षाचा कितवा दिवस हे गाडी लावणाऱ्याला कोण सांगणार? त्यापेक्षा दर वर्षी बाजू बदला अशी मागणी करा, दोन वर्षांत बहुतेक फिटंफाट होते. दारात गाड्या असल्यानं गिऱ्हाईक वाढतं की अडतं, यावर मात्र तुमच्यात आणि समोरच्यांत एकमत आहे का, हे पत्रात लिहिलेलं नाही. मला तर वाटतं दोघंही आपापल्या दारातल्या गाड्यांवर नाराज असणार.

प्रश्न : मी आठवीत आहे. ९ने भाग जातो का हे अंकांच्या बेरजेवरून कळतं. मग सम-विषमही अंकांच्या बेरजेवरून कळत असेल असं वाटून मी ० ते ९९ तपासलं. २० ते २९ सगळ्या बरोबर आल्या. ३० ते ३९ सगळ्या चुकल्या. ४० ते ४९ पुन्हा सगळ्या बरोबर. असं का होतं?
— एक विद्यार्थिनी, विटा

उत्तर : हेच ते पत्र. बाळ, तू प्रश्न तर विचारलासच, पण निम्मं उत्तरही आणून दिलंस. दशकच्या दशक बरोबर येतं किंवा दशकच्या दशक चुकतं, म्हणजे गुन्हेगार एककात नाही, दशकाच्या जागी बसलेला आहे.

३४ घे. संख्या सम आहे. अंकांची बेरीज ७, विषम. बेरीज करताना आपण तीनला तीन म्हणून मोजलं. संख्येत तो तीन नाहीच, तीस आहे, आणि तीस सम आहेत. विषम तीननं बेरजेत येऊन खोडी केली. २४मध्ये दशकस्थानी दोन आहेत, दोन म्हणून मोजले काय आणि वीस म्हणून मोजले काय, दोन्ही समच. म्हणून तिथं तुझा नियम चुकत नाही. दशकाचा अंक ०, २, ४, ६, ८ असेल तेव्हा बरोबर, १, ३, ५, ७, ९ असेल तेव्हा चूक. शंभर संख्यांत बरोबर पन्नास वेळा. वहीत मोजून बघ, तेवढ्याच निघतील. तीन अंकी संख्यांत दशक आणि शतक या दोन अंकांची बेरीज सम असेल तेव्हाच जमेल. ३५८मध्ये तीन अधिक पाच आठ, म्हणून तिथं जमतं.

मग नऊला हे कसं जमतं? दहाच्या गठ्ठ्यातून नऊ काढून घेतले की एक उरतो. शंभरातून नव्व्याण्णव काढले की एक उरतो. म्हणजे नऊच्या नजरेतून प्रत्येक गठ्ठा, दहाचा असो वा हजाराचा, एकच काडी आहे. तीसमधले तीन खरंच तीन म्हणून मोजायचे, म्हणून अंकांची सरळ बेरीज चालते. तीनचंही तसंच. दोनच्या नजरेतून मात्र दहाच्या गठ्ठ्यात काहीच उरत नाही. तिथं दशकाचा अंक मोजायचाच नसतो आणि तू मोजलास.

चारसाठी काय करायचं? दहाला चारनं भाग जात नाही, शंभराला जातो. म्हणून शेवटचे दोन अंक बघायचे. २०२६मधले २६ बघितले की लीप वर्ष नाही हे कळतं, २०२८मधले २८ चारच्या पाढ्यात आहेत. (शतकाच्या वर्षांची भानगड वेगळी, १९०० लीप नव्हतं, २००० होतं.) आठसाठी शेवटचे तीन.

आता इथून पुढं जरा नीट वाच. समज, माणसानं दहाऐवजी एकाच हाताच्या बोटांवर पाचाचे गठ्ठे करून मोजायचं ठरवलं असतं. सात म्हणजे एक गठ्ठा आणि दोन सुटे, ते लिहिले असते १२ असे. बारा म्हणजे दोन गठ्ठे आणि दोन सुटे, ते लिहिले असते २२ असे. दोन्हींचा शेवटचा अंक दोन. पण सात विषम आणि बारा सम! शेवटच्या अंकाचा नियम तिथं कोसळतो. कारण पाचाच्या गठ्ठ्याचे दोन सारखे भाग होत नाहीत, प्रत्येक गठ्ठ्यातून एक काडी उरते. मग प्रत्येक गठ्ठा एक काडी म्हणून मोजावा लागतो, आणि तुझा अंकांच्या बेरजेचा नियम तिथं शंभर टक्के बरोबर ठरतो. एक अधिक दोन तीन, विषम. दोन अधिक दोन चार, सम.

तेव्हा तुझा नियम चुकीचा म्हणून खोडून टाकू नकोस. तो पाच बोटांच्या देशातला आहे. सातच्या किंवा नऊच्या गठ्ठ्यांनी मोजून तिथंही चालतो का ते बघ आणि मला कळव. सहाच्या गठ्ठ्यांनी मोजल्यावर काय होतं, तेही.

प्रश्न : आहेराचं पाकीट ५०१चंच का? पाचशेला काय झालं?
— एक वाचक, वाई

उत्तर : गणिताला पाचशेचं वावडं नाही. वरचा एक रुपया असला की रक्कम दोघांत सारखी वाटता येत नाही, म्हणून तो नवराबायकोच्या एकीचा, अशी समजूत सांगतात. गणपतीला २१ दूर्वा वाहतो, त्याही विषम, पण २१चे तीन सारखे वाटे होतात आणि सातही होतात. विषम म्हणजे वाटलीच जात नाही असं नव्हे, दोघांत वाटली जात नाही एवढंच.

प्रश्न : मी ठिपक्यांची रांगोळी काढते. मधल्या ओळीत ९ ठिपके, मग वर आणि खाली दोन-दोन कमी करत ७, ५, ३, १. एकूण ४१ होतात. मधे ७ घेतले तर २५, मधे ११ घेतले तर ६१. ही बेरीज कधीच सम येत नाही. का?
— एक गृहिणी, सातारा

उत्तर : वरची सातची ओळ आणि खालची सातची ओळ यांची जोडी लागते. पाचची पाचशी, तीनची तीनशी, एकची एकाशी. सगळ्यांना जोडीदार मिळतो, मधली ओळ सोडून. ती विषम, म्हणून सगळी रांगोळी विषम. उत्तर इथं संपलं.

पण ताई, पुढच्या वेळी रांगोळी काढून झाल्यावर जिन्यात किंवा उंबऱ्याच्या कोपऱ्यात उभं राहून ती तिरकी बघा. ४१ ठिपक्यांत पाच गुणिले पाचचा एक चौकोन उभा आहे आणि त्याच्या फटींमध्ये चार गुणिले चारचा दुसरा. पंचवीस अधिक सोळा. मधे सात असताना सोळा अधिक नऊ, मधे अकरा असताना छत्तीस अधिक पंचवीस. लागोपाठच्या दोन संख्यांचे वर्ग, त्यातला एक सम आणि एक विषमच असणार. आणि एकपासून सुरू करून लागोपाठच्या विषम संख्या मिळवत गेलं (१, ४, ९, १६, २५) की दर वेळी वर्गच का येतो, तेही तुमच्या रांगोळीच्या वरच्या अर्ध्या भागात मांडलेलं आहे. दोन रंगांचे ठिपके दिले तर दोन्ही चौकोन समोरूनही दिसतील. फोटो पाठवा.

प्रश्न : ट्रॉलीतल्या उसाचं वजन १४.३६५ टन भरलं. मुलगी म्हणते शेवटी पाच आहेत, विषम. मी म्हणतो टिंबाच्या आकड्याला सम-विषम नसतं. घरात वाद आहे.
— एक शेतकरी, पलूस तालुका

उत्तर : तुम्ही बरोबर आहात, दादा. सम-विषम पूर्ण संख्यांचंच बघायचं. उणे सात चालतील, ते विषम आहेत. साडेतीन चालणार नाहीत.

मुलीची समजूत अशी घाला. हेच वजन किलोत १४,३६५, विषम. ग्रॅममध्ये १,४३,६५,०००, सम. ऊस तोच, ट्रॉली तीच, काटाही तोच, आणि नुसतं माप बदललं की विषमचं सम झालं. तेव्हा तो उसाचा गुण कसा म्हणायचा? ट्रॉलीत मोळ्या किती हे मोजलंत तर त्या सम किंवा विषम असतील, मग कुणी कसंही लिहो. मोजायच्या वस्तूंना सम-विषम असतं, मापायच्या वस्तूंना नसतं. दुधाला नाही, रतिबाच्या पिशव्यांना आहे.

प्रश्न : नव्या नंबरांत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गांना सम आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडा असतो, असं ऐकलं. पेठ नाक्यावरचा ४८ बरोबर बसतो. पण मी मिरजेवरून सोलापूरला जातो तो १६६ पूर्वेला जातो, तरी सम कसा?
— एक ट्रकचालक, कवठे महांकाळ

उत्तर : नियम तुम्ही बरोबर ऐकलात. २०१० साली महामार्गांना नवे नंबर दिले तेव्हाचा आहे. पूर्वी ज्याला आपण चार नंबर म्हणायचो तो ४८ झाला, दिल्लीहून चेन्नईला जाणारा, म्हणून सम. पुण्याहून सोलापूर, हैदराबादकडं जाणारा ६५, पूर्व-पश्चिम, म्हणून विषम.

हा नियम एक-दोन अंकी मुख्य महामार्गांचा. तीन अंकी नंबर फाट्याचा असतो. त्यातले शेवटचे दोन अंक मूळ रस्त्याचे आणि पहिला अंक फाट्याचा. १६६ म्हणजे कोकणातून जाणाऱ्या ६६चा फाटा. ६६ पनवेलहून कन्याकुमारीकडं जातो, उत्तर-दक्षिण, म्हणून सम. त्याचा फाटा रत्नागिरीहून कोल्हापूर, सांगली करत सोलापूरकडं वळला तरी आडनाव बदलत नाही, आणि शेवटचा अंक सहा राहिल्यावर सम तर राहणारच.

रेल्वेतही जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाडीला लागोपाठचे आकडे देतात, एक विषम, एक सम. पण तिथं दिशा ओळखायला जाऊ नका. कोयना एक्सप्रेस मुंबईहून कोल्हापूरला येताना ११०२९ आणि जाताना ११०३०. महालक्ष्मीही येताना विषम, १७४११. त्यावरून कोल्हापूरकडं येणारी ती विषम असं ठरवून टाकलंत, तर महाराष्ट्र एक्सप्रेस फसवेल. ती कोल्हापूरहून गोंदियाला निघते तीच ११०३९, आणि परत येताना ११०४०.